मृगाआधीचं पत्र

ताई, परवा तुमचा तेरावा झाला. जिलब्या बऱ्या झाल्या होत्या असं पंगतीत कुणीतरी म्हणालं, आणि मला त्याचा रागसुद्धा आला नाही. इतका मी थकलो आहे. टेबलावर कॉलेजच्या परीक्षेचे पेपर पडून आहेत. पहिल्याच पेपरात एका मुलाने प्लासी आणि पानिपत यांची अदलाबदल करून टाकली आहे. एरवी हा पेपर पिशवीत घालून मी गार्डन रीचला तुमच्याकडे आलो असतो आणि आपण दोघं पोटभर हसलो असतो. आता तो तसाच वर ठेवला आहे आणि त्याच्याशेजारी हे लिहायला बसलो आहे.

तुमचा जन्म कुठला, शिक्षण किती, मागे कोण, यातलं मी काही लिहिणार नाही. ते तुमच्या यजमानांना, भाऊसाहेबांना, ठाऊक आहे. मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे आणि तिला तीन वर्षं उशीर झाला आहे. पण तिच्याआधीचं थोडं आठवू द्या. नुसती ती गोष्ट सांगायला बसलो तर माझ्याच्याने सांगून होणार नाही.

आपल्या इतिहास विभागात तेव्हा मुली आधी येऊन वर्गात बसत नसत. त्यांच्या खोलीत थांबायच्या आणि प्राध्यापक निघाले की त्यांच्यामागून ओळीने यायच्या. पहिल्या दिवशी मोठे सर आले, त्यांच्यामागून सहासात मुली आल्या, आणि सगळ्यांत शेवटी तुम्ही. तिशी ओलांडलेल्या, हातात पितळी डबा. मागच्या बाकांवरच्या पोरांना वाटलं, कुणाची तरी आई मुलीला पोचवायला आली आहे. तुम्ही शांतपणे पहिल्या बाकावर बसलात आणि डबा पायाशी ठेवलात. हजेरीत तुमचं आडनाव निघालं तशा सगळ्या माना माझ्याकडे वळल्या, कारण तोवर वर्गात मराठी आडनाव माझं एकट्याचं होतं.

तास सुटल्यावर तुम्ही व्हरांड्यात मला अडवलंत. मी आपला परिचय दिला. आजोबांपासून आम्ही कलकत्त्यातच, वडील भवानीपूरला शाळेत गणित शिकवतात, वगैरे. तुम्ही मान कलती करून सगळं ऐकून घेतलंत.

"काहून रे," तुम्ही म्हणालात, "तू मराठी आहेस की मराठी शिकून राहिलास?"

मला राग आला होता. पण आमच्या घरातली मराठी स्वयंपाकघर आणि देवघर एवढ्यापुरतीच उरली होती, हे खरं होतं. पुढे तुम्ही माझं एकेक वाक्य धरून सरळ केलंत, कधी रस्त्यात, कधी ट्रामच्या दांड्याला लोंबकळताना, माणसं बघत असताना. त्याबदल्यात मी तुम्हाला बंगाली शिकवायचं ठरलं होतं. तुमचं बंगाली काही सुधारलं नाही. सहा वर्षांत तुम्ही मासळीबाजारात एकदाही गेला नाहीत आणि बंगाली तिथेच शिकता येतं, असं परिमल म्हणायचा.

परिमल. त्याच्याशिवाय यातलं काहीच सांगता येत नाही. पद्मा नदीपलीकडून फाळणीत घरदार सोडून आलेला, आपल्याच वर्गातला. त्याच्या घरच्यांनी कित्येक महिने सियालदहच्या फलाटावर काढले होते. तिथून तो पायी वर्गाला यायचा आणि माझ्या शेजारी बसून मला बर्गी म्हणायचा. नागपूरकरांच्या घोडेस्वारांना बंगालने दिलेलं ते नाव. इथल्या घराघरांत पोरांना अजून त्या नावाने भिववतात. तुम्हाला मात्र तो बर्गी म्हणाला नाही. तुम्हाला तो पहिल्या दिवसापासून बौदि म्हणाला, म्हणजे वहिनी.

"आमचे पूर्वज मुळात पश्चिमेकडचेच," तो एकदा आपल्या दोघांना म्हणाला होता. "तुझी माणसं आली, गाव जाळलं, म्हणून ते नद्या ओलांडून पूर्वेला पळाले. दोनशे वर्षांनी आम्ही परत आलो, ते सियालदहच्या फलाटावर. बघ मधू, तुझ्या माणसांमुळे केवढा फेरा पडला आम्हाला."

तो हसत हसत बोलला. मीही हसलो. तुम्ही हसला नाहीत. घरी जाताना ट्राममध्ये खिदिरपूर आल्यावर तुम्ही म्हणालात, "आमच्याकडे एक रुमाल आहे. बघशील का?"

रुमाल म्हणजे जुन्या कागदांचं कापडात बांधलेलं गाठोडं, हे मला ठाऊक नव्हतं. भाऊसाहेबांचे कुणी पूर्वज त्या फौजेबरोबर कारकून म्हणून बंगालात आले होते. त्यांच्या पत्रांच्या नकला नागपूरच्या घरी माळ्यावर होत्या. भाऊसाहेबांची बदली गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत झाली तेव्हा तुम्ही पितळेची भांडी सासूबाईंच्या हवाली केलीत आणि ट्रंकेत हे गाठोडं घातलंत. सासूबाई नंतर कलकत्त्याला राहायला आल्या, तरी त्या भांड्यांवरून तुम्हाला बोलणं थांबलं नाही. मोडी तुम्ही वडिलांकडून शिकला होतात. ते कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देत आणि दुपारी काम नसलं की तुम्हाला समोर बसवून जुने अर्ज वाचायला लावत. इतिहास विभागात एवढे विद्वान होते, पण मोडी सरळ वाचू शकणारं माणूस तुम्ही एकट्याच. ही गोष्ट तुम्ही कुणाला सांगितली नाहीत. मोठ्या सरांना मी सांगितली, तेव्हा तुम्ही माझ्याशी दोन दिवस बोलला नव्हतात.

दर रविवारी सकाळी मी तुमच्या क्वार्टरवर यायचो. भाऊसाहेब चहा करून द्यायचे आणि बाहेर जाऊन बसायचे. तुम्ही वाचायचात, मी लिहून घ्यायचो. तुमची पद्धत ठरलेली. पहिल्यांदा पत्र न थांबता वाचायचं, कळो न कळो. दुसऱ्यांदा शब्दन् शब्द. आणि तारीख सगळ्यांत शेवटी. तारीख आधी वाचली की आपल्याला जे ठाऊक असतं तेच पत्रात दिसायला लागतं, असं तुम्ही म्हणायचात. ती तारीखसुद्धा दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर काढायची आणि मग ताडून बघायची. मला ते पोरखेळ वाटायचं. एकदा मी तसं बोललो, तेव्हा तुम्ही माझा कागद उलटा करून मला पुन्हा पहिल्यापासून करायला लावलंत.

कारकुनाचं ते पत्र वाचायला निघालं त्या रविवारी सासूबाईंना ताप होता. तुम्ही उठत बसत वाचत होतात. कारकुनाने एका पथकाच्या सरदाराला लिहिलं होतं की गावं जाळू नयेत, रयत रानात पळून गेली आहे, आंब्यांना कैऱ्या धरल्या आहेत आणि राखणीला माणूस उरलेला नाही. लिहून घेताना माझा हात थांबला. इतक्या पत्रांत दाणावैरण, घोड्यांचे खूर, कुणाची कुणावर तक्रार, आणि मध्येच हा माणूस कैऱ्यांकडे बघतो आहे. तुम्ही पहिलं वाचन केलंत, दुसरं केलंत. तेवढ्यात आतून हाक आली. तारखेची ओळ मला उतरवून देऊन तुम्ही म्हणालात, "हिचं पुढच्या रविवारी बघू," आणि आत गेलात.

मी पुढच्या रविवारपर्यंत थांबलो नाही.

हे सगळं तुम्हालाच काय सांगायचं, पण उद्या हे दुसऱ्या कुणाच्या हाती पडलं तर त्यालाही कळू दे. त्या कागदांतलं वर्ष मृगाला बदलतं, म्हणजे जूनच्या आरंभी. पत्र मृगानंतरचं असेल तर वर्षाच्या आकड्यात पाचशे नव्व्याण्णव मिळवले की इसवी सन येतो. जानेवारीपासून मृगापर्यंतचं असेल तर सहाशे मिळवावे लागतात. मी घरी बसून पाचशे नव्व्याण्णव मिळवले. वर्ष निघालं आणि माझ्या अंगावर काटा आला. गावं जाळू नयेत असा नागपूरहून सुटलेला एक हुकूम आपल्याला आधीच ठाऊक होता, आणि तो त्याच वर्षीच्या भाद्रपदातला होता. पत्रात कैऱ्या, म्हणजे ते उन्हाळ्यातलं. म्हणजे हुकमाच्या चारपाच महिने आधीचं. म्हणजे कुणी सांगितलं नसताना, एका साध्या कारकुनाने आपल्या मनाने ते लिहिलं.

कैऱ्यांवरून मी पत्र भाद्रपदाच्या आधी नेलं, आणि त्याच कैऱ्यांवरून सहाशे मिळवायला हवे होते, हे मला दिसलं नाही. किंवा दिसू दिलं नाही. आता इतक्या वर्षांनी नक्की काय ते मला सांगता येत नाही.

विभागाच्या शनिवारच्या सभेत मी निबंध वाचला. तुम्ही आला नाहीत, सासूबाईंचं दुखणं लांबलं होतं. मोठे सर सहसा कुणाचं कौतुक करत नसत. त्या दिवशी त्यांनी चष्मा काढून पुसला आणि हे विभागाच्या अंकात छापू म्हणाले. मग परिमल उठला. सगळ्यांसमोर माझ्यापाशी आला आणि त्याने मला मिठी मारली. "एक माणूस तरी निघाला," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. त्यानंतर त्याने मला कधीही बर्गी म्हटलं नाही. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हे शहर माझंही आहे. ते वाटणं खोट्या तारखेवर उभं होतं, पण ताई, ते खरोखर वाटलं होतं.

अंक निघाला आणि तुम्ही तो वाचलात. जिन्यात मला गाठलंत. अंकाच्या त्या पानात बोट होतं.

"मधू, पत्रात कैऱ्या दिसून राहिल्या आणि तू पाचशे नव्व्याण्णव मिळवलेस?"

मी तिथेच उभ्या उभ्या मनात हिशेब केला. पत्र हुकमाच्या आधीचं नव्हतं, नंतरचं होतं, सातआठ महिन्यांनी. कारकून आपल्या मनचं काही बोलत नव्हता. वरून आलेलं पुढे कळवत होता.

"चार ओळींची दुरुस्ती पाठव, पुढच्या अंकात येईल," तुम्ही म्हणालात. "आणि परिमलला आधी सांग. छापील वाचून त्याला कळायला नको."

मी म्हटलं, सांगतो.

तुम्ही मला तेव्हा आणखीही काही म्हणालात आणि त्यावरून आपला वाद सुरू झाला, तो शेवटपर्यंत मिटला नाही. तुम्ही म्हणालात, हुकूम होता म्हणून तो वाईट झाला का? हुकूम तर सगळ्यांनाच होता, किती जणांनी पाळला? तो पाळून, वर कैऱ्यांची गोष्ट लिहायला त्याला कुणी सांगितलं होतं? मी म्हणायचो, हुकमाची दया ही दया नव्हे. तुम्ही म्हणायचात, तुला संत पाहिजे, माणूस मिळाला तर चालत नाही. मी या वादात हिरिरीने पडायचो. का पडायचो ते आता कळतं. वाद चालू असला की दुरुस्तीचं बोलणं मागे पडायचं.

सुरुवातीला परिमलचं तोंड बघून धीर झाला नाही. मग कॉलेजातल्या नोकरीची मुलाखत आली. तिथे त्या निबंधाचीच चौकशी झाली आणि नोकरी लागली. मग नोकरी पक्की व्हायची होती. ती पक्की झाल्यावर सांगायला काहीच आड येत नव्हतं, आणि तेव्हा नुसता कंटाळा आला. भीतीचं निदान काहीतरी म्हणता येतं. कंटाळ्याचं काय सांगू? मी दुरुस्ती लिहायला कागद घ्यायचो आणि थोड्या वेळाने त्यावर वाणसामानाची यादी केलेली असायची.

तुम्ही दर भाऊबीजेला मला ओवाळायचात आणि तबक खाली ठेवता ठेवता विचारायचात, "पाठवलीस का रे?" रागाने नाही. आज भाजीला काय आणलंस, त्या आवाजात. मी दरवेळी म्हणायचो, पाठवतो. तुम्ही मोठ्या सरांना सांगू शकला असतात. एका चिठ्ठीचं काम होतं. मी एकदा तसं तोडून बोललोही, तुम्हीच का सांगत नाही म्हणून. तुम्ही म्हणालात, "चूक तुझी. मी कशाला घेऊ?" आणि माझ्या पानात आणखी एक करंजी वाढलीत.

तुमची स्वतःची परीक्षा तुम्ही पास झालात, पण पुढे काही लिहिलं नाहीत. सासूबाईंचं सगळं अंथरुणातच होतं. रविवारही हळूहळू सुटले. मी लेक्चरर झालो आणि तुम्ही वाचणारी बाई राहिलात. यात माझा किती दोष होता ते मला ठरवता येत नाही. थोडाफार नक्कीच होता. तुमचं वाचन होतं म्हणून माझं लिहिणं झालं, एवढं मी एखाद्या रविवारी तोंडाने म्हणायला हवं होतं. तुमच्या चहाचं कौतुक मी शंभरदा केलं, आणि तो चहा भाऊसाहेबांचा असायचा.

शेवटच्या वेळी मी आलो तेव्हा तुम्ही खूप खंगला होतात. तासभर बसलो. कॉलेजचं, बंदरातल्या संपाचं, सगळं बोललो. तुम्ही दुरुस्तीचं विचारलं नाहीत. खाली उतरताना मला सुटल्यासारखं वाटलं, हे मी इथे कबूल करतो. मला वाटलं, विसरलात. बसथांब्यावर आल्यावर ध्यानात आलं की तुम्ही विसरणाऱ्यांतल्या नाही. मला भाग पाडायचं तुम्ही सोडून दिलं होतं. मला परत वर यायला हवं होतं. तेवढ्यात बस आली आणि मी चढलो.

परवा पंगती उठल्यावर भाऊसाहेबांनी मला आत बोलावलं. तो रुमाल त्यांनी पलंगावर काढून ठेवला होता. "हा आता तुम्ही न्या," ते म्हणाले. "माझी पुन्हा बदली होईल. आमच्यात वाचणारं कुणी उरलं नाही." मी हात पुढे केला आणि मागे घेतला. म्हटलं, दोन दिवस थांबा, एक काम राहिलं आहे. त्यांनी विचारलं नाही कसलं. ते कधीच काही विचारत नाहीत, तुम्हाला ठाऊकच आहे.

काल सकाळी मी दुरुस्ती लिहिली. चार ओळी तुम्ही म्हणाला होतात, पाच झाल्या. पाचव्या ओळीत तुमचं नाव आहे, पूर्ण. पत्र कुणी वाचलं आणि चूक कुणी काढली ते. अर्ध्या तासाचं काम होतं. तेवढ्याला तीन वर्षं लावली, याची मला लाज वाटली. मग शिसारी आली, आणि शेवटी पुन्हा हा थकवाच उरला.

दुपारी पाकीट टपालात टाकलं आणि सियालदहला गेलो. परिमल आता गावाबाहेरच्या एका शाळेत इतिहास शिकवतो. शनिवारी लवकर सुटतो आणि पाचच्या गाडीने उतरतो. फलाटाच्या टोकाशी मी उभा राहिलो. गर्दी अंगावरून गेली आणि तिच्या शेवटी तो आला, छत्री काखेत मारून. मला बघून त्याला वाटलं, तुमच्या तेराव्याचं सांगायला आलो. त्याला ताप होता म्हणून तो परवा येऊ शकला नव्हता.

चहाच्या टपरीवर बसून मी त्याला सांगितलं. मृग, पाचशे नव्व्याण्णव, सहाशे, सगळं. कारकून आपल्या मनाने बोलत नव्हता हेही. त्याच्याकडे न बघता सांगितलं, कपाकडे बघत. माझं झालं तसा त्याने आपला कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, "मला ठाऊक होतं."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"अंक निघाला त्याच महिन्यात मी गार्डन रीचला गेलो होतो," तो म्हणाला. "पत्रांत आमच्या बाजूच्या गावांची नावं आहेत का, ते विचारायला. बौदिनी कारकुनाचं पत्र मला वाचून दाखवलं. मी त्यांना सरळ विचारलं, तारीख बरोबर आहे ना? त्यांना खोटं बोलता आलं नाही."

"मग तू मला काही बोलला का नाहीस?"

"मी बोलणारच होतो. रागाने नुसता जळत होतो. त्यांनी मला बसवून ठेवलं, चहा दिला. म्हणाल्या, थांबा, तो स्वतः सांगेल. मी म्हटलं, कधी? म्हणाल्या, सांगेल. नंतर जेव्हा भेटलो तेव्हा मी त्यांना विचारायचो, सांगितलं का त्याने? त्या म्हणायच्या, अजून नाही, पण सांगेल. दर वेळी तेच. मला हसू यायचं, पण त्या हसायच्या नाहीत."

गाड्या येत होत्या, माणसं उतरत होती. परिमलने छत्री टेबलावर आडवी ठेवली होती, ती त्याने उचलली, पुन्हा ठेवली.

"गेल्या महिन्यात दवाखान्यात भेटलो तेव्हाही म्हणाल्या," तो म्हणाला. "मी रागावलो नाही, मधू. राग कधीच गेला. सांगितलंस, बरं झालं. पण आता बौदिना कोण कळवणार?"

म्हणून हे लिहिलं, ताई. मी त्याला सांगितलं.